केसपेपरच्या खिडकीपासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत: रुग्णाचं मत नक्की कुठे बनतं?

कंदील

दवाखान्याबद्दल विचारलं की लोक एका वाक्यात निकाल देतात. "चांगले आहेत तिथले", नाहीतर "तिथे जाऊच नका, माणसाशी बोलायची रीत नाही." हे वाक्य बहुतेक वेळा डॉक्टरांचं तोंड दिसायच्या आधीच तयार झालेलं असतं. एखाद्या जिल्हा रुग्णालयाची सकाळ डोळ्यांसमोर आणा. माणूस एसटीतून उतरतो. गेटवर सुरक्षारक्षक, मग केसपेपरची खिडकी, मग ओपीडीच्या दारातले मामा (वॉर्डबॉय), मग सिस्टर, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत चार जण त्याच्याशी बोललेले असतात, आणि त्या चौघांपैकी तिघांना रुग्णाशी कसं बोलावं हे कुणी कधी शिकवलेलं नसतं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९च्या तुकडीपासून वर्तन, नीतिमत्ता आणि संवादाचे धडे आले, हे फार चांगलं झालं. पण खिडकीवरचा माणूस त्या वर्गात नसतो.

हा विषय आपल्याकडे सौजन्याच्या भाषणांत संपतो, आणि मला तिथेच चूक वाटते. खिडकीवर ओरडा खाल्लेला माणूस आत जाऊन कमी बोलतो. बीपीची गोळी आठ दिवसांपासून संपली आहे, वैदूचा काढा सुरू आहे, मिश्री सुटलेली नाही, यातलं काही तो सांगत नाही, कारण सांगितलं तर पुन्हा ओरडा बसेल. समोर बीपी वाढलेला दिसतो. डॉक्टरांना वाटतं गोळी चालू असूनही उपयोग होत नाही, आणि ते डोस वाढवतात. घरी गेल्यावर तो जुनी उरलेली आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेतो आणि चक्कर येऊन पडतो. या साखळीची पहिली कडी खिडकीवर आहे.

खिडकीचंच थोडं बारकाईने बघू. काचेला भोक खाली असतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला वाकून बोलावं लागतं. आतला माणूस स्क्रीनकडे बघत विचारतो, "नाव? वय? गाव?" वय सांगता येत नाही म्हटल्यावर आवाज चढतो आणि मागची रांग ऐकत असते. त्यापेक्षा "बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होता आजी?" असं विचारलं तर दहा सेकंदांत वय निघतं आणि आजींची मानही खाली जात नाही. दुसरं म्हणजे पैसे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत, पण तो निर्णय त्या एका विभागापुरता होता. त्या विभागाबाहेरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाचा अनुभव असलेला माणूस इथेही नोट मुठीत धरून उभा असतो. त्याच्यावर खेकसण्यात अर्थ नाही, त्याचा गोंधळ खरा आहे. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद देताना पुढचं पाऊल सांगणं. "नऊ नंबर, जिना चढून डावीकडे, हा कागद तिथल्या सिस्टरांकडे द्या." चार सेकंद लागतात. हे न सांगितल्यामुळे माणूस आणखी तीन जणांना विचारत फिरतो, आणि ते तिघंही वैतागून उत्तर देतात.

या चर्चागटात रुग्णालयात काम करणारे बरेच जण आहेत. आपापल्या जागेचं नेमकं लिहा.

सातवा_मजला

मुद्दा पटतो, पण हिशोब मांडू. सकाळी नऊ ते दुपारी एक, म्हणजे २४० मिनिटं. समोर दीडशे केसपेपर. एकाला ९६ सेकंद मिळतात, त्यातच तपासणं आणि लिहिणं. २०१७ साली ६७ देशांच्या आकडेवारीचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात भारतातली भेट दोन मिनिटांच्या आसपास आणि स्वीडनमधली साडेबावीस मिनिटांची होती. ९६ सेकंदांत छाप कसली पाडायची?

निशिगंध

@सातवा_मजला, वेळ कमी आहे म्हणूनच पहिले वीस सेकंद जपायला हवेत.

रुग्णाला बोलू दिलं तर तो अर्धा तास खाईल, ही भीती सगळ्यांना असते. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या, तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडत होते. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या मोठ्या रुग्णालयात उलट करून पाहिलं. डॉक्टरांनी मध्ये बोलायचंच नाही, रुग्ण आपणहून थांबेपर्यंत ऐकायचं. सरासरी ९२ सेकंदांत लोक थांबले, आणि १०० पैकी ७८ जण दोन मिनिटांच्या आत. तेही दुसरीकडून पाठवलेले, गुंतागुंतीचे आजार असलेले रुग्ण होते. आपल्याकडचा ओपीडीतला माणूस तर दबकत तीन वाक्यं बोलतो.

करायचं एवढंच. पेन खाली ठेवा. केसपेपरवरचं नाव वाचून हाक मारा, स्टुलाकडे हात करून "बसा" म्हणा, आणि "बोला, काय त्रास होतोय?" विचारून वीस सेकंद गप्प राहा. मागचा कागद त्या वेळात वाचू नका. खाली मान घालून वाचताना रुग्ण बोलायचा थांबतो, कारण त्याला वाटतं तुम्ही ऐकत नाही.

नंतरचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पहिली तक्रार ही मुख्य तक्रार असतेच असं नाही. गुडघ्यापासून सुरुवात होते आणि दाराच्या कडीला हात लागल्यावर "चढ चढताना छातीत आवळतं" हे बाहेर येतं. म्हणून सुरुवातीलाच "अजून काय काय होतंय?" विचारावं. आपल्याकडे सवयीने तोंडातून निघतं, "अजून काही नाही ना?" या "ना"ला समोरचा "नाही"च म्हणतो. २००७ साली इंग्रजीत हेच तपासलं गेलं. प्रश्नात 'काही तरी आहे' असा अर्थ सुचवणारा शब्द घातला आणि दुसऱ्या गटात 'काही नसेलच' असं सुचवणारा. पहिल्या प्रश्नाने मनात राहून गेलेल्या तक्रारी बऱ्याच बाहेर आल्या, दुसऱ्याने नाहीत. भेटीची वेळही वाढली नाही. मराठीत तर हा फरक आणखी ठळक ऐकू येतो.

पळसफूल

पहिल्या भेटीची छाप आकड्यात बघायची असेल तर बीपीचं यंत्र घ्या. १९८३ साली इटलीत दाखल रुग्णांच्या रक्तवाहिनीत नळी ठेवून सलग दाब मोजत होते. डॉक्टर बीपी घ्यायला खाटेपाशी आले की पहिल्या चार मिनिटांत दाब सरासरी २७/१५ ने वर जायचा आणि दहा मिनिटांनी बराचसा उतरायचा. नंतर त्यांनीच सिस्टरांना पाठवून पाहिलं, तर वाढ निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी.

आता आपल्या ओपीडीत काय होतं? जिना चढून, रांगेत भांडून आलेला माणूस स्टुलावर टेकतो न टेकतो तोच पट्टा गुंडाळला जातो. पाठीला टेकू नाही, हात लोंबता, वरून "गोळ्या घेता ना रोज?" ही विचारणा सुरू. बोलता बोलता घेतलेलं बीपी जास्तच येतं. आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाहीत. दंड हृदयाच्या पातळीवर, हाताखाली टेबल. लघवी तुंबलेली नको, आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री नको. शर्टाच्या बाहीवरून पट्टा नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटा वाढलेला दिसतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या.

ओपीडीच्या बाहेर एक बाक आणि "बीपीसाठी आधी इथे बसा" एवढी सोय केली तरी खूप फरक पडतो. आणि आकडा सांगताना चेहरा सांभाळा. "अरे बापरे, १७०!" असं ऐकल्यावर दुसऱ्यांदा घेतलेला बीपी कमी कसा येणार?

तिठा

मी या क्षेत्रातला नाही. मला वाटतं गोड बोलणं हा नंतरचा भाग झाला, सुई पहिल्या फटक्यात लागली पाहिजे. हात चांगला असेल तर लोक बोलणं माफ करतात.

सलाईन_स्टँड

@तिठा, दोन्ही लागतं, आणि यावर एक सुंदर प्रयोग झाला आहे. २०१७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये निरोगी माणसांच्या हातावर खाज आणणाऱ्या द्रव्याचा टोचा दिला, गांधी उठली, आणि वर औषध नसलेलं साधं मलम लावलं. काहींना सांगितलं याने खाज कमी होईल, काहींना सांगितलं वाढेल. मलम लावणारी व्यक्ती कधी आपुलकीने बोलणारी, नावाने हाक मारणारी, तर कधी स्क्रीनकडे बघत तुटक बोलणारी. कधी कामात सफाईदार आणि खोली नीटनेटकी, तर कधी चाचपडणारी आणि खोलीत पसारा. जिथे आपुलकी आणि सफाई दोन्ही होती तिथे सांगितलेली गोष्ट गांधीच्या आकारावर जास्त उमटली. दोन्ही नव्हतं तिथे परिणाम दिसलाच नाही. मलम सगळीकडे तेच होतं.

वॉर्डात ही सफाई कुठे दिसते, तर सलाईनची सुई लावताना. अर्ध्यावर चिकटपट्टी शोधायला जाणं, हे रुग्णाचा विश्वास जाण्याचं पहिलं कारण. हातात सुई, दंडाला पट्टा आवळलेला, आणि सिस्टर कप्पे उघडून बघतायत! म्हणून आधी ट्रे भरा. पट्टीचे तीन तुकडे कापून ट्रेच्या कडेला चिकटवलेले, फ्लश (नळी धुवायचं सलाईन) भरलेला, कापूस, आणि दोन आकारांचे कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणाऱ्या बारीक नळ्या. मोठ्या माणसाला बहुधा गुलाबी २० नंबर, नाजूक शिरेला निळा २२, लहान मुलाला पिवळा २४, आणि रक्त द्यायचं असेल तर हिरवा १८. बसून करा, वाकून नको. दंडाचा पट्टा मिनिटाच्या वर आवळून ठेवू नका. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओलं असताना टोचलं की चुरचुरतं, आणि रुग्ण म्हणतो सिस्टरचा हात जड आहे. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा त्याच हाताने नाही. "शीर हुकते आहे, दुसऱ्या सिस्टरांना बोलावते" असं उघड सांगितलं की रुग्णाचा राग निम्मा होतो. गुपचूप तिसऱ्यांदा, चौथ्यांदा टोचलं की मग तो वॉर्डभर सांगत सुटतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

आणि नाव. औषध देण्याआधी "तुम्ही कमल ना?" असं विचारू नये. ऐकू कमी येणारी, गुंगीतली बाई कशालाही मान हलवते. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. पण दर वेळी नाव विचारलं की रुग्णाला वाटतं, यांना माझं नावसुद्धा लक्षात राहत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, "औषध चुकू नये म्हणून आम्ही प्रत्येक वेळी नाव विचारतो." मग तोच प्रश्न काळजीचा वाटतो. "सात नंबर" आणि "तो हर्नियावाला" ही हाक मात्र बंदच व्हायला हवी.

स्वतःचं नाव सांगणंही तितकंच गरजेचं. ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर या डॉक्टर स्वतः कर्करोगाने दाखल होत्या. जवळ येणारे बरेच जण नावच सांगत नाहीत हे बघून त्यांनी २०१३ साली 'नमस्कार, माझं नाव अमुक' ही मोहीम सुरू केली. आपल्याकडे "मी सिस्टर अमुक, दुपारी दोनपर्यंत मी आहे, काही लागलं तर मला सांगा" एवढं म्हटलं की नातेवाईक दर पाच मिनिटांनी टेबलापाशी येत नाहीत.

आडवाट

कपड्यांचा मुद्दा कुणी काढला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली, तेव्हा आदिवासी दवाखान्यापासून लांब का राहतात हे त्यांनाच विचारलं. मोठ्या इमारतींची भीती वाटते, हे एक उत्तर. दुसरं उत्तर पांढऱ्या कपड्यांचं: आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो, डॉक्टर-नर्स तसेच दिसतात. मग शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतला दवाखाना गोंडांच्या गावासारखा, झोपड्यांच्या धाटणीचा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. स्वच्छतेची खूण म्हणून आपण जो रंग मिरवतो तो समोरच्याला प्रेताची आठवण देत असेल, तर हे कुठल्याही पाठ्यपुस्तकातून कळलं नसतं. विचारलं म्हणून कळलं.

तेच भाषेचं. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत, चढ्या आवाजात तेच वाक्य तीनदा सांगून उपयोग नसतो. आशाताईला शेजारी बसवा, आणि प्रश्न विचारताना आशाताईकडे नाही, त्या बाईकडे बघा.

ओंजळ

प्रसूतिकक्षाबद्दल लिहिते. कळा देणाऱ्या बाईला तिथे जी वाक्यं ऐकायला मिळतात ती सगळ्यांना माहीत आहेत, इथे लिहिणार नाही. त्यांचा परिणाम लिहिते. ती ओरडायची थांबते, आणि त्याबरोबर सांगायचीही थांबते. पाणी गेलं, रक्त जास्त जातंय, डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे ती दाबून ठेवते. शेवटची दोन लक्षणं झटके येण्याच्या आधीची असू शकतात.

प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठीचा केंद्र सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रम डिसेंबर २०१७ मध्ये आला. त्यात सन्मानाने वागवणं आणि सोबत एक बाई राहू देणं या गोष्टी लेखी आहेत. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांवर सगळं ठरतं. पडदा ओढा, मग कपडे काढायला सांगा, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. "आता आतून तपासते, दुखलं तर सांग, मी थांबते." इथे "तू" चालतं, आईच्या सुरातलं असेल तर. नवरा-सासूसमोर मात्र "तुम्ही". तपासल्यावर काय सापडलं ते तिलाच सांगा, "पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय, अजून वेळ आहे, चालत राहा." सगळं ठीक असेल तर पुढची आतली तपासणी साधारण चार तासांनी. शिकणाऱ्या प्रत्येकाने येऊन तपासून जाणं बंद करा.

झोपेचा_डॉक्टर

भुलीच्या बाजूने थोडं. सुई टोचताना आपण सगळेच म्हणतो, "मुंगी चावल्यासारखं वाटेल." २०१० साली अमेरिकेत बाळंतिणींवर याची चाचणी झाली. पाठीत बधिर करण्याचं इंजेक्शन देताना एका गटाला सांगितलं की मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हा सगळ्यात वाईट भाग. दुसऱ्या गटाला सांगितलं की जागा बधिर करतोय, म्हणजे पुढे तुम्हाला आराम पडेल. दहापैकी वेदनेचे गुण पहिल्या गटात ५, दुसऱ्यात ३. सुई तीच, औषध तेच. "काही दुखणार नाही" हेही म्हणू नका, ते खोटं ठरलं की पुढचं काहीच खरं वाटत नाही. "आता जागा बधिर करतो, थोडं गार लागेल, श्वास सोडा" एवढं पुरे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची भेट तर औषधाइतकी मोलाची. १९६४ साली बोस्टनमध्ये भूलतज्ज्ञांनी काही रुग्णांना आधीच समजावून सांगितलं की कुठे दुखेल, किती वेळ, कुशीवर कसं वळायचं. त्यांना नंतर वेदनाशामक जवळपास निम्मंच लागलं. ही भेट खाटेशेजारी बसून घ्या. पायथ्याशी उभं राहून दोन वाक्यं टाकलेली लक्षात राहत नाहीत.

सातवा_मजला

बसायला खुर्ची तर हवी ना वॉर्डात!

झोपेचा_डॉक्टर

अगदी तेच! २०२३ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयात डॉक्टर येण्याआधी काही खोल्यांत खाटेपासून तीन फुटांच्या आत खुर्ची मांडून ठेवली. तिथे १०० पैकी ६३ वेळा डॉक्टर बसले. जिथे खुर्ची नेहमीच्या जागी होती तिथे फक्त ८ वेळा. कुणालाही उपदेश केला नव्हता. आपल्याकडे राउंडच्या आधी मावशी नातेवाइकांचं स्टूल खाटेखाली सारतात. ते उलट बाहेर काढून ठेवायला सांगा.

कंदील

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट राहिली, तीही जागेचीच. ओपीडीच्या खोलीत वेळ वाचावा म्हणून पुढचे दोन-तीन रुग्ण आत घेऊन ठेवतात. त्यामुळे एका रुग्णामागे पाच-सात सेकंद वाचत असतील. पण शेजारच्या स्टुलावर अनोळखी पुरुष बसला असेल तर बाई अंगावरून पांढरं जातं हे सांगत नाही, "कंबर दुखते" म्हणते आणि कंबरेची गोळी घेऊन जाते. पुरुष दारूचं सांगत नाही. टीबीची गोळी मध्येच सोडलेला तर सांगणारच नाही. एचआयव्हीच्या समुपदेशनासाठी बंद दाराची खोली लागते हे सगळे मानतात, मग बाकीच्या आजारांना ती नको असं कुणी ठरवलं? भिंत बांधायला पैसे नसतील तर पुढच्या रुग्णाचं स्टूल दाराबाहेर ठेवा आणि मधे पडदा लावा. तपासणीच्या टेबलाचा पडदा असेल तर त्याच्या कड्या मोजून बघा. निम्म्या ठिकाणी तो पूर्ण ओढला जात नाही.

तिठा

माझं आधीचं मत बदललं. आमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात रांगेसाठी एक फलक द्यायची तयारी आहे. काय लिहावं?

कंदील

मजकूर असा करा: "१. केसपेपर इथे मिळेल. पैसे लागत नाहीत. २. जुना कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं हातात ठेवा. ३. गोळ्या मध्येच बंद झाल्या असतील, दुसरं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा. कुणी रागावणार नाही. ४. वाचता येत नसेल तर पहिल्या खिडकीवर विचारा." तिसरी ओळ लिहिण्याआधी अधीक्षकांना आणि सिस्टरांना दाखवून त्यांची संमती घ्या, कारण ते वचन त्यांना पाळायचं आहे. अक्षर किमान दोन इंच उंच, पांढऱ्यावर काळं. फलक खिडकीच्या वर लावू नका, तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. रांग जिथे वळते त्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा.